पाडव्याच्या रात्री जळत गेलेलं भंगार

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. गुढी उतरवून अंबाजोगाईत आम्ही गच्चीवर बसलो होतो. आभाळातून जळत्या पलित्यांची रांग सरकत गेली. शेजारच्या काकू घाबरल्या, ‘सणासुदीला तारा तुटला, वर्ष वाईट जाणार.’ उल्का डोळ्याची पापणी लवेपर्यंत विझते. हे बराच वेळ दिसत राहिलं. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात धातूचं मोठं कडं पडलं. चिनी रॉकेटच्या टप्प्याचा, म्हणजे इंधन संपल्यावर सुटणाऱ्या भागाचा, तो तुकडा असावा, असं अभ्यासकांनी सांगितलं. यात अपशकुन कसला? माणसानेच वर सोडलेलं भंगार ते.

ते खाली येतं कसं, हे मला फार आवडतं. वारा समोरून आला की सायकल मंदावते. उपग्रहाचं उलटं! वरची विरळ हवा त्याची ऊर्जा खाते, म्हणून तो थोडा खाली उतरतो; आणि खालच्या कक्षेत फिरायला वेग जास्त लागतो. ८०० किलोमीटरवर सेकंदाला ७.४५ किलोमीटर, २०० वर ७.७८. उतरताना स्थितिज ऊर्जा, म्हणजे उंचीमुळे असलेली ऊर्जा, जेवढी घटते, तिच्यातली निम्मी हवा खाते, उरलेल्या निम्मीने वेग वाढतो. खाली हवा दाट, म्हणून उतरणंही झपाट्याने. ४०० किलोमीटरवरची वस्तू साधारण वर्ष-दोन वर्षांत जळून जाते. ८०० वरची शतकानुशतकं फिरत राहते.

२००९मध्ये ७९० किलोमीटरवर इरिडियम आणि कॉसमॉस हे उपग्रह आदळले, दोन हजारांवर मोठे तुकडे झाले. त्यातला प्रत्येक तुकडा पुढचा उपग्रह फोडू शकतो.

१९७२चा, आपल्या दुष्काळाच्या सालचा, आंतरराष्ट्रीय करार सांगतो : जमिनीवर नुकसान झालं तर रॉकेट सोडणाऱ्या देशाने चूक नसली तरी भरपाई द्यायची. अंतराळात मात्र चूक सिद्ध करावी लागते. बोटाएवढ्या तुकड्याचा धनी कोण, हे कोण शोधणार? बोअर ज्याच्या-त्याच्या रानात, पाणी मात्र अख्ख्या शिवाराचं खाली जातं, तसंच हे.

इस्रोने ७ मार्च २०२३ला मेघा-ट्रॉपिक्स उपग्रह शिल्लक इंधनावर खाली आणून प्रशांत महासागरावर जाळला. तो तसाच सोडला असता तर शंभरावर वर्षं वर राहिला असता. मला हे अतिशय मोलाचं वाटतं.

नोव्हेंबर २०२५मध्ये राज्य सरकारने उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीशी हात मिळवले. दुर्गम जिल्ह्यांच्या यादीत आपलं धाराशिवही आहे. तिथल्या शाळेत इंटरनेट यायलाच हवं. या उपग्रहांची साधारण पाचशे-साडेपाचशे किलोमीटरची उंचीही बरी, बंद पडलेला उपग्रह तिथली हवा काही वर्षांत खाली ओढते. पण पुढे याहून वर जाणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून परवान्याआधीच उपग्रह उतरवायची हमी आणि त्याचं इंधन मोजून घेतलं पाहिजे.