सॅडल हंटिंग: पाय कशावर टेकवायचे, या भानगडीचा इतिहास

अमेरिकेत व्हाइटटेल हरणाची धनुष्यबाणाने शिकार करणारे झाडावर चढून बसतात हे जुनंच आहे, पण सॅडलवाले बसत नाहीत, लटकतात. कमरेभोवती आणि बुडाखाली झोळीसारखा पट्टा (हाच सॅडल), त्याच्या पुढे दोरीचा ब्रिज, तिथून एक दोर वर खोडाला, तोंड खोडाकडे आणि पाय खोडाला लावलेल्या कशावर तरी. हे "कशावर तरी" म्हणजेच आजचा विषय. लोक झोळीवर तासन्‌तास वाद घालतात, पण माझ्या मते झाडावर अर्धा दिवस काढता येणार की नाही हे पायाखालच्या वस्तूवरही तितकंच ठरतं. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हा विषयच संपला, त्यामुळे हे वाचणारे एकतर तिकडे राहणारे असणार नाहीतर माझ्यासारखे नुसते गिअरवेडे.)

झोळीची आयडिया झाडं छाटणाऱ्यांच्या हार्नेसच्या घराण्यातली. शिकारीत १९८० च्या दशकात अँडरसन स्लिंग नावाचा प्रकार होता, पुढे ट्रॉफीलाइन कंपनीचा ट्री सॅडल आला. मिशिगनचे जॉन एबरहार्ट हे त्याचे सगळ्यात मोठे प्रचारक, बाकी जग हँग-ऑन स्टँड (खोडाला बांधायची सीट आणि खाली पायाला फळी) उचलून नेत होतं तेव्हा हे पट्ट्यात लटकून शिकार करत होते. पायासाठी तेव्हा वेगळं असं काही मिळतच नव्हतं. मग काय, चढायला वापरायच्या त्याच स्क्रूवाल्या लोखंडी पायऱ्या वर पोचल्यावर खोडाभोवती गोल फिरवून बसवायच्या. यालाच रिंग ऑफ स्टेप्स म्हणतात. स्वस्त, आवाज नाही, आणि मुख्य म्हणजे झाडाच्या कुठल्याही बाजूला सरकता येतं.

ही शेवटची गोष्ट नीट समजून घ्या कारण पुढचा सगळा वाद तिच्यावरच आहे. उजव्या हाताने धनुष्य ओढणारा माणूस खोडाकडे तोंड करून लटकला की डावीकडचा नेम सोपा, उजवीकडचा अवघड, त्यासाठी त्याला खोडाभोवती फिरून अंगच वळवावं लागतं, आणि तेव्हा पाय बाजूला टाकायला जागा नसेल तर हरीण समोरून निघून जातं. रिंगवर ती जागा असते. शिवाय हरीण आलं की खोडाच्या आडही जाता येतं, आणि सॅडल घ्यायचं अर्धं कारण तेच असतं.

पण स्क्रू म्हणजे झाडाला भोक. लाकूडवाल्यांना खोडात राहिलेलं लोखंड नको असतं, करवत खराब होते. अनेक राज्यांत सरकारी जमिनीवर झाडात खिळा-स्क्रू घालायला बंदी आहे, खुद्द मिशिगनमध्येही सरकारी जमिनीवर साल भेदणारी कुठलीच वस्तू चालत नाही. ज्याची स्वतःची किंवा ओळखीच्या शेतकऱ्याची जमीन नाही त्याला सरकारी जंगलातच जावं लागतं, आणि सॅडल हलकं म्हणून लांब चालत जायला सगळ्यात जास्त उपयोग त्यालाच. म्हणजे ज्याला सॅडल हवं त्यालाच रिंग बंद! मग पट्ट्याने बांधायच्या पायऱ्या आल्या. एकाच कॅम बकलच्या (ओढून आवळायच्या) पट्ट्यात चार-सहा छोट्या पायऱ्या ओवायच्या आणि पट्टा खोडाभोवती आवळायचा. वाइल्ड एज कंपनीची पायरी दोरीने बांधून खाली दाबली की लिव्हरने घट्ट बसते. कायद्याचा प्रश्न सुटला, तळव्याचा नाही. शिडीच्या दांड्यावर तासभर उभं राहून बघा, मग पातळ बुटात काय होत असेल ते कळेल.

म्हणून काही जुगाडू लोकांनी जुन्या हँग-ऑन स्टँडची सीट काढून नुसती खालची फळी वापरायला सुरुवात केली, काहींनी ती कापून लहान केली. बाजारात हे सुटसुटीत रूपात आलं २०१८ च्या सुमारास, टेथर्ड कंपनीने मँटिस सॅडलबरोबर प्रेडेटर नावाचा प्लॅटफॉर्म काढला तेव्हा. ॲल्युमिनियमची छोटी फळी, वजन साधारण दीड किलोच्या आत, मागे दांडा, पट्टा खोडाला आवळायचा आणि मग फळी खाली दाबून पक्की करायची. मधली काही वर्षं बंद असलेली ट्रॉफीलाइनही परत आली आणि मग बाकीच्या कंपन्याही घुसल्या.

प्लॅटफॉर्मची अडचण साधी आहे. समोरून वजन पडलं की तो खोडात अजून रुतून बसतो, पण कडेला जाऊन बाजूने जोर दिला की सटकायला बघतो, विशेषतः गुळगुळीत सालीवर. त्यासाठी दाते आले, कडा तिरक्या केल्या, तरी मागच्या बाजूचा नेम अवघड तो अवघडच. तुम्ही कसे लटकता यावरही आहे. दोर आखूड ठेवून उभं राहून मागे रेलणाऱ्याचं बरंच वजन पायावर येतं, त्याला सपाट फळी हवीच. गुडघे खोडाला टेकवून बसणाऱ्याचं वजन झोळीत जातं, त्याचं लहान फळीवरही भागतं, फक्त नीपॅड लागतात.

त्यामुळे आज बरेच जण दोन्ही नेतात, समोर लहान प्लॅटफॉर्म आणि दोन्ही कडांना एकेक पट्ट्याची पायरी. मला हेच शहाणपणाचं वाटतं, वजन थोडं वाढतं तेवढंच. अगदीच वजनवेडे एकाच क्लाइंबिंग स्टिकने (खोडाला बांधायचा पायऱ्यांचा छोटा दांडा) चढतात, तीच खालून काढून वर लावत जातात, वर पोचल्यावर तिच्या टोकावरची छोटी फळीच प्लॅटफॉर्म म्हणून वापरतात आणि उतरताना रॅपल करतात, म्हणजे दोरावरून घसरत खाली येतात. सह्याद्रीत क्लाइंबिंग करणाऱ्यांना यातला दोराचा भाग लगेच कळेल. मोठा बूट घालणाऱ्याने मात्र या प्रकाराच्या नादी लागू नये.