‘रिन्यूअल’चा फोन: पार्श्वभूमी

“सर, तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन एक्स्पायर होतंय. आज भरलं नाही तर बंद पडेल.” सकाळी शटर वर जातं न जातं तोच येणारा हा फोन आता गल्लीतल्या हार्डवेअरवाल्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांच्या ओळखीचा आहे. उद्यम म्हणजे लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी.

नकोशा कॉलांवर पहिली मोठी नियमावली 2007 मध्ये आली, मग 2011 पासून टेलिमार्केटरांना 140 ने सुरू होणारे नंबर. हा सगळा बंदोबस्त कर्जाचे फोन आल्याने वैतागलेल्या ग्राहकासाठी होता. दुकानदाराचा नंबर पाटीवरच रंगवलेला, आणि अनोळखी फोन न उचलून त्याचं भागत नाही. गिऱ्हाईकही असू शकतं.

खरा घोळ ‘नोंदणी’ या शब्दात आहे. 1948 च्या कायद्याखाली महाराष्ट्रात शॉप अ‍ॅक्टचं, मुंबईच्या भाषेत गुमास्त्याचं, ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावं लागे. एजंट धरायचा, पैसे द्यायचे, नवा कागद भिंतीवर लावायचा. डिसेंबर 2017 मध्ये नवा कायदा लागू झाला आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीच उरली नाही. फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. सूट चांगलीच, पण ती दुकानात जाऊन समजावणारं कुणी नव्हतं. कायदा बदलला, सवय राहिली. त्यातच 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. त्याचा नंबर पाटीवर लावणं सक्तीचं, आणि त्या नंबरावरून नाव, पत्ता, नोंदणीची तारीख पोर्टलवर कुणालाही दिसते. फोनवरचा माणूस हेच वाचून दाखवतो आणि समोरच्याला वाटतं, सरकारी कचेरीतूनच बोलतोय.

उद्यमचं तर आणखीच विचित्र. 2015 ला उद्योग आधार, 1 जुलै 2020 पासून उद्यम. जुन्यांना नव्यात यावंच लागलं आणि त्याची मुदत वाढत वाढत 30 जून 2022 पर्यंत गेली. म्हणजे ‘मुदत संपतेय’ हे वाक्य काही काळ खरंही होतं! आजच्या उद्यमला ना फी, ना नूतनीकरण. पण तो फरक फोनवर कोण विचारतो?

दरम्यान नकोशा कॉल-एसएमएसवरच्या 2018 च्या नियमांनी एसएमएस पाठवणाऱ्यांची नोंदणी आणि मजकुराचा साचा आधी मंजूर करून घेणं सक्तीचं केलं. मार्च 2021 मध्ये मंजूर नसलेले एसएमएस अडवणारी ही गाळणी लागली तेव्हा बँकांचे ओटीपीच अडकले आणि आठवडाभर ती थांबवावी लागली. दिवाळीच्या सवलतीचा एसएमएस पाठवू पाहणारा प्रामाणिक दुकानदारही याच चाळणीत सापडला. फसवणारे मात्र साध्या दहा आकड्यांच्या नंबरावरून बोलत राहिले. फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीने नकोसा फोन आल्यावर तक्रार करायची मुदत तीनवरून सात दिवस झाली.

पण पैसे भरून बसलेल्याच्या हातात पावती असते, आणि तिच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: ‘खाजगी सल्लासेवा शुल्क’.