प्लॅटिनमची फ्लूट आणि मिरजेचा भोपळा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याचं बोलणं भोपळ्यापासून सुरू होतं. भोपळा पंढरपूर भागातला, जाड सालीचा, नीट वाळलेला हवा. त्यावर तुणाच्या लाकडाची तबली, म्हणजे भोपळ्याचं तोंड झाकणारी फळी. साल पातळ निघाली किंवा लाकूड ओलसर राहिलं तर आवाज बसला, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे पिढ्यानपिढ्यांची हीच पारख आहे. मग याच न्यायाने बांबूपेक्षा चांदीची, आणि चांदीपेक्षा प्लॅटिनमची बासरी जास्त गोड वाजायला हवी, नाही का?

न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले फ्रेंच फ्लूटवादक जॉर्ज बारेर यांनी खरोखरच प्लॅटिनमची फ्लूट, म्हणजे चाव्यांची पाश्चात्त्य बासरी, करून घेतली होती. तिच्यासाठी 1936 साली त्यांनी संगीतकार एदगार वारेझ यांच्याकडून नवी रचना लिहून घेतली. वारेझनी तिला नाव दिलं ‘डेन्सिटी 21.5’. प्लॅटिनमची घनता एका घन सेंटिमीटरला जवळपास तेवढे ग्रॅम असते. चांदीची साधारण 10.5, आणि बांबू तर पाण्यावर तरंगतो. रचनेच्या नावात थेट धातूचा आकडा!

एकच वाद्य, साथीला कुणी नाही, एकूण वेळ चारेक मिनिटं. पाश्चात्त्य फ्लूटवादक तिला अभिजात मानतात, पण आपल्याकडच्या मैफलीत ती कानावर पडणं दुर्मीळच. पहिले तीन सूर सी या पाश्चात्त्य सुराला षड्ज मानून ऐकले तर ते शुद्ध मध्यम, गंधार, तीव्र मध्यम असे पडतात. तंबोऱ्यावर वाढलेला आपला कान लगेच षड्ज शोधू लागतो आणि वारेझ तो सापडू देत नाहीत. पहिल्यांदा ऐकताना हे चक्क त्रासदायक वाटतं. मधेच फुंकेबरोबर टकटक ऐकू येते. वादक फ्लूटच्या चाव्या, म्हणजे छिद्रांवरची झाकणं, मुद्दाम जोरात आपटत असतो, आणि या आपटण्यालाही सूर असतो. झाकण छिद्रावर आदळलं की आतल्या हवेला धक्का बसतो आणि हवेचा तो स्तंभ क्षणभर आपल्या स्वाभाविक कंपनसंख्येने घुमतो. फुंकायचं छिद्र ओठांनी बंद करून चावी आपटली, तर तोच सूर जवळपास सप्तकभर खाली उतरतो, कारण नळीचं एक टोक आता बंद झालेलं असतं.

म्हणजे इथे वाजते ती हवा. फ्लूटच्या नळीची लांबी साधारण 66 सेंटिमीटर. दोन्ही टोकांना उघड्या नळीत सर्वात खालचा सूर तिच्या दुप्पट लांबीच्या लहरीचा असतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 345 मीटर धरून भागाकार केला की उत्तर येतं 261 हर्ट्झ, आणि हार्मोनियमचा मधला सी नेमका तिथेच असतो. या हिशेबात प्लॅटिनम कुठेच येत नाही.

अमेरिकेत जॉन कोल्टमन या भौतिकशास्त्रज्ञाने हे 1971 साली पडताळून पाहिलं. आतून हुबेहूब एका मापाच्या तीन नळ्या घेतल्या, एक चांदीची, एक जाड तांब्याची, एक लाकडाची, आणि तिन्हींना एकसारखे मुखभाग जोडले. ऐकणाऱ्यांना फरक सांगता आला नाही. वजनावरून ओळखू येणार नाही अशी सोय केल्यावर वाजवणाऱ्यांनाही नाही. 2001 साली व्हिएन्नातल्या संशोधकांनी चांदीपासून प्लॅटिनमपर्यंतच्या, एकाच बनावटीच्या फ्लूट तपासल्या, तेव्हाही हेच निघालं. तरी सोन्याच्या फ्लूट आजही विकल्या जातात. वादकाचा हात आणि मान वजनाने बदलते, महाग वाद्याच्या मुखछिद्राची कडाही जास्त निगुतीने घडवलेली असते, आणि सुराला त्या कडेचा खरा फरक पडतो. उरलेले पैसे चकाकीचे.

मग मिरजेचा कारागीर उगाच लाकूड पारखत बसतो का? मुळीच नाही. तंबोऱ्याची तार इतकी बारीक असते की तिच्याने हवा हलत नाही. हवेत हात फिरवावा तशी हवा तिच्या दोन्ही बाजूंनी निसटून जाते. तिचं कंपन तारेखालच्या घोडीवरून तबलीत उतरतं, मग तबली आणि भोपळा मिळून हवेला ढकलतात. तिथे आवाज बाहेर पाडणारा भाग लाकूडच, म्हणून जात, जाडी, ओल या सगळ्याचा हिशेब लागतो. फ्लूटमध्ये कंप पावणारी हवा छिद्रांतून परस्पर बाहेर पडते. नळीच्या भिंती थरथरतात, पण इतक्या कमी की कानाला पत्ता लागत नाही. सुराची अशी मोजमापं सांगलीला नवी नाहीत. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचं गणित 1910 सालीच छापलं होतं.

पुढच्या संगीतकारांनी या हवेचे आणखी खेळ केले. लुचानो बेरिओ यांनी 1958 साली फ्लूटवादक सेवेरिनो गाझेलोनी यांच्यासाठी लिहिलेल्या ‘सेक्वेन्झा 1’ मध्ये एकाच फ्लूटमधून एकदम दोन सूर काढायला सांगितले आहेत. त्यासाठी मधलंच एखादं छिद्र उघडतात. मग हवेला दोन लांबी मिळतात, एक त्या छिद्रापर्यंतची आणि एक पुढची, आणि त्या दोन सुरांचं एकमेकांशी सरळ नातं नसतं. फुंकेचा वेग वाढवला की वरचा सूर धरतो, कमी केला की खालचा. नेमका अधलामधला वेग साधला तर दोन्ही तग धरतात. बोट जरा सरकलं, ओठ जरा ढळला की एक सूर गळतो. अशा रचना क्वचितच का वाजतात, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे. ब्रायन फर्नीहो यांच्या 1970 च्या दशकातल्या ‘युनिटी कॅप्सूल’ची तर नोटेशनची पानंच धडकी भरवतात. श्वास, जीभ, बोटं आणि गळा यांच्या सूचना तिथे एकावर एक रचलेल्या असतात.

ऐकायचंच असेल तर फर्नीहोपासून सुरुवात करू नये. आधी क्लोद दब्युसी यांची 1913 ची ‘सिरिंक्स’ ऐकावी. तीन मिनिटांची, एका नाटकात पडद्याआडून वाजवण्यासाठी लिहिलेली. ती छापून आली थेट 1927 साली. मग वारेझ. त्यानंतर तोरू ताकेमित्सू यांची 1971 ची ‘व्हॉइस’, जिच्यात वादक फुंकता फुंकता बोलतो. हेडफोन लावूनच ऐका, कारण चाव्यांची टकटक आणि श्वासाची सळसळ मोबाइलच्या स्पीकरवर पार हरवून जाते.