उंट कोळी की खरा कोळी? पाय मोजू नका, कंबर बघा

रात्री ट्यूबलाइटखाली पिवळसर, केसाळ काहीतरी सुसाट पळालं की आमच्या बेळगाव-निपाणीकडे घरात ओरडा होतो: विषारी कोळी आला! बहुतेक वेळा तो विषारीही नसतो आणि कोळीही नसतो. तो असतो उंट कोळी, गॅलिओडीस प्रजातीतला. ही प्रजाती ऑलिव्हिए यांनी १७९१ मध्ये मांडली; तिच्यातल्या गॅलिओडीस इंडिकस या भारतीय जातीचं वर्णन पोकॉक यांनी १९०० मध्ये केलं.

'दहा पाय म्हणजे उंट कोळी' ही खूण फसवी आहे. त्याची पुढची लांब जोडी पाय नव्हेच, त्या स्पर्शिका. त्यांच्या टोकाला भक्ष्य चिकटवून ओढणारी गादी असते. त्यामागची बारीक जोडी चाचपायला. पळतो तो उरलेल्या सहांवर. पण खानापूरच्या रानात बिळात राहणाऱ्या मोठ्या केसाळ कोळ्याच्याही स्पर्शिका पायांसारख्याच दिसतात, मग तोही दहा पायांचाच वाटतो.

कंबर मात्र फसवत नाही. खऱ्या कोळ्याची कंबर बारीक, पोट गुळगुळीत घडणीचं, वळ्या नसलेलं. उंट कोळ्याला कंबरच नाही. पोटावर आडव्या वळ्या स्पष्ट दिसतात. डोळे दोनच, कोळ्याला बहुधा आठ. कोळी बिळाला रेशमाचं अस्तर लावतो, याच्याकडे रेशीमच नाही.

खरी गंमत जबड्यांची. तोंडापुढे दोन दणकट चिमटे, आणि एक पुढे सरकला की दुसरा मागे. झुरळ सापडलं तर त्याचा लगदा करून रस पितो. विषग्रंथी नाहीत. १९७८ मध्ये ऱ्हॅगोडीस या आखूड पायांच्या, वेगळ्या प्रजातीत विष असल्याचा दावा भारतातूनच झाला होता. पुढे त्याला दुजोरा मिळाला नाही, त्यामुळे मी तो धरत नाही.

'माणसाच्या मागे लागतो' हेही खोटं. दिवसा उन्हात उघडा पडला तर तो सावली शोधतो, आणि सावली तुमची असते. तुम्ही पळालात की तीही पळते, मग तो मागे येणारच! कोरडी, उघडी जमीन त्याला मानवते, म्हणून अथणी-रायबागकडचा माळ त्याला खानापूरच्या ओल्या रानापेक्षा सोयीचा.

मोठा असेल तर चिमट्याने कातडी फाडू शकतो. जखम साबणाने धुवा. बिळातल्या कोळ्याचा दंश वेगळा, त्यात विष असतं आणि ठणका लागतो. म्हणून दोघांपैकी कुणालाच हातात धरू नका. उंट कोळी घरात शिरला तर वर डबा पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि कुंपणापलीकडे सोडा.