पळून सुटलेले आणि उठून सुटलेले : जमैकाचे मॅरून व हैतीची क्रांती

बडोद्यातील मराठी वाचकमंडळींत गुलामगिरीच्या इतिहासाचा विषय निघाला, की नर्मदेपलीकडच्या रतनपूरचा आणि तिथल्या सिद्दी वस्तीचा उल्लेख हमखास होतो. तेथून बोलणे अटलांटिकच्या पलीकडे पोहोचले, की जमैकाचे मॅरून आणि हैतीचे क्रांतिकारक हे दोघेही ‘बंडखोर गुलाम’ म्हणून एकाच दमात सांगितले जातात. दोघांचेही शौर्य निर्विवाद आहे. परंतु दोघांनी मिळवलेली गोष्ट एक नव्हती, आणि हा फरक नजरेआड केला तर जमैकाचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास कळतच नाही.

१६५५ मध्ये इंग्रजांनी जमैका स्पॅनिशांकडून घेतले, त्या धामधुमीत अनेक गुलाम डोंगरात निसटले, आणि पुढे उसाच्या मळ्यांतून पळालेले लोक त्यांना येऊन मिळत गेले. हेच मॅरून. बेटाच्या पश्चिमेकडील चुनखडीच्या प्रदेशात खोलगट दऱ्या आणि दाट झाडी यांचे असे जाळे आहे, की रांगेने चालणाऱ्या पलटणीला पुढचा माणूस दिसू नये. गाईच्या शिंगाचे ‘अबेंग’ नावाचे वाद्य फुंकून एका टेकडीवरून दुसरीकडे इशारा जाई आणि शत्रू खिंडीत शिरण्याआधीच मारेकरी जागेवर बसलेले असत. मराठी वाचकाला हा गनिमी कावा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. इंग्रज सैन्य त्यांना जिंकू शकले नाही, आणि १७३९ मध्ये सरकारला त्यांचा नेता कजो याच्याशी तह करावा लागला.

या तहाची कलमे मात्र नीट वाचली पाहिजेत. मॅरूनांना स्वातंत्र्य आणि पंधराशे एकर जमीन मिळाली. त्या बदल्यात यापुढे पळून येणाऱ्या गुलामांना पकडून परत देणे आणि बेटावर बंड झाल्यास ते मोडण्यास सरकारला साहाय्य करणे त्यांनी मान्य केले. चाकरीच्या अटीवर मिळालेल्या वतनासारखेच हे स्वातंत्र्य होते. १७६० मध्ये टॅकी याच्या नेतृत्वाखाली जमैकाचे गुलाम उठले, तेव्हा त्याला गोळी घालणारा माणूस मॅरूनच होता. हे वाचताना मन विषण्ण होते, तरीही त्या लोकांना फितूर म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. दीर्घ युद्धाने थकलेल्या लहानशा समाजाने आपली मुलेबाळे वाचवली, आणि गुलामगिरी टिकवून धरण्याची किंमत सत्तेने त्यांच्याकडूनच वसूल केली. तहाने कायमचे अभय मिळाले, असेही नाही. १७९५ च्या दुसऱ्या युद्धानंतर ट्रिलॉनी टाउनच्या मॅरूनांना सरकारने थेट कॅनडातील नोव्हा स्कोशियाच्या थंडीत हद्दपार केले.

हैतीचे, म्हणजे तेव्हाच्या फ्रेंच सेंट-डोमिंगचे, वळण वेगळे आहे. तेथेही पळून डोंगरात राहणारे होते, परंतु ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेकडील मैदानात जे पेटले ते मळ्यांच्या आतून पेटले. आपल्यापुरती सुटका करून घेण्याऐवजी या उठावाचा रोख हळूहळू गुलामगिरीवरच गेला. १७९३ मध्ये वसाहतीतील फ्रेंच प्रतिनिधींना आणि १७९४ मध्ये पॅरिसच्या सभेला तिचा अंत जाहीर करावा लागला. नेपोलियनने पाठवलेल्या सैन्याने १८०२ मध्ये उठावाचा नेता तूसाँ लूव्हर्त्यूर याला कैद केले आणि तो १८०३ मध्ये फ्रान्समधील तुरुंगात वारला, तरी युद्ध थांबले नाही. १ जानेवारी १८०४ रोजी तूसाँनंतरचा सेनानी देसालिन याने स्वातंत्र्य घोषित केले आणि १८०५ च्या राज्यघटनेने गुलामगिरी कायमची रद्द केली. याची जबर शिक्षाही त्या देशाला भोगावी लागली : मान्यतेच्या बदल्यात फ्रान्सने १८२५ मध्ये १५ कोटी फ्रँक मागितले, ते मुख्यतः माजी मळेवाल्यांच्या नुकसानभरपाईसाठी.

दोन्हींतील अंतर एका घटनेत स्वच्छ दिसते. १८१६ मध्ये, उत्तर आणि दक्षिण अशा दोन राज्यांत फुटलेल्या हैतीच्या दक्षिणेकडील प्रजासत्ताकाने आपल्या भूमीवर वस्तीस येणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या माणसाला नागरिकत्वाचा मार्ग घटनेनेच खुला केला. पुढच्याच वर्षी जमैकाचे काही गुलाम खलाशी जहाज घेऊन तेथे पोहोचले आणि मालक त्यांच्या मागोमाग आपली मालमत्ता मागायला आला. राष्ट्राध्यक्ष पेत्याँ यांनी माणसे परत देण्यास नकार दिला.