चोथा आणि पाणी

पाण्याच्या पेल्यात चमचाभर इसबगोल ढवळून पेला ओट्यावर तसाच ठेवला, तर थोड्याच वेळात वेगळे असे पाणी उरत नाही. उरतो तो बुळबुळीत, थरथरता लगदा, जो पेला तिरका केला तरी लगेच सांडत नाही. पाणी कुठेही गेलेले नसते, भुशाने ते धरून ठेवलेले असते. अन्नातला चोथा, म्हणजेच तंतुमय पदार्थ, मोठ्या आतड्यात जे करतात त्याचा एक मोठा भाग या पेल्यात डोळ्यांना दिसतो.

खाण्यापिण्यातून येणारे सुमारे २ लिटर पाणी आणि लाळ, जठररस, पित्त यांसारखे शरीराचे स्वतःचे सुमारे ७ लिटर स्राव, असा जवळजवळ ९ लिटर द्रव रोज लहान आतड्यात उतरतो. त्यातला बहुतेक तिथेच शोषला जातो, लिटर-दीड लिटर मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि शेवटी मलावाटे जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर बाहेर पडतो. म्हणूनच ज्याला मुळात पाणी कमी पडत नाही, अशा माणसाने केवळ जास्त पाणी पिऊन बद्धकोष्ठता सहसा हटत नाही. ते पाणी रक्तात शोषले जाऊन मूत्रपिंडांवाटे निघून जाते. ते मलात टिकवायला चोथा लागतो, आणि चोथ्याला फुगायला पाणी लागते.

डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकाने युगांडात अनेक वर्षे काम केले होते. क्ष-किरणांत दिसणाऱ्या बारीक गोळ्या लोकांना गिळायला देऊन, त्या मलात कधी उतरतात हे मोजण्याची पद्धत त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वापरली. १९७२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, भरपूर चोथा खाणाऱ्या ग्रामीण आफ्रिकी लोकांत हा प्रवास साधारण दीड दिवसात संपत होता, तर मैद्याच्या पावावर वाढलेल्या इंग्रजांत त्याला त्याच्या दुपटीहून अधिक वेळ लागत होता. चोथ्याअभावी होणाऱ्या रोगांची बर्किटने केलेली यादी आज अतिव्याप्त वाटते, पण मलासारख्या विषयाकडे गांभीर्याने पाहायला त्याने वैद्यकाला भाग पाडले, हे मला फार मोलाचे वाटते.

चोथा नुसता पाणी धरत नाही. पेरू-सफरचंदातले पेक्टिन किंवा गवारीच्या बियांतला डिंक हे विरघळणारे तंतू साखरेचे शोषण मंदावतात आणि पित्ताम्ले अडकवून मलावाटे बाहेर नेतात; ती भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल वापरावे लागते. मोठ्या आतड्यातले जिवाणू अशा तंतूंचे किण्वन करून, म्हणजे ते आंबवून, ब्युटिरेट नावाचे आम्ल बनवतात, जे तिथल्या अस्तराच्या पेशींचे मुख्य इंधन आहे. गहू-ज्वारीच्या कोंड्यातले न विरघळणारे तंतू मात्र बरेचसे तसेच पुढे जातात आणि मलाला आकारमान देतात.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी रोज किमान २५ ग्रॅम तंतूंची शिफारस करते. १०० ग्रॅम ज्वारीत ते साधारण १० ग्रॅम असतात, पॉलिश केलेल्या तांदळात ३ ग्रॅमांच्या आसपास, आणि साबुदाण्यात जवळजवळ नाहीतच, कारण तो कंदातला चोथा गाळून काढलेला निव्वळ स्टार्च असतो. उपवासाला दोन्ही वेळा खिचडी खाल्ली आणि दिवसभर पाणीही जेमतेम प्यायले, की दुसऱ्या सकाळी पोट साफ होत नाही, यात नवल नाही.

चोथा वाढवायचा तो हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत. एकदम वाढवला तर जिवाणूंच्या किण्वनाने पोट फुगते. ज्यांना हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यावे लागते, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. इसबगोल तर कोरडा कधीच तोंडात टाकू नये. तो पेलाभर पाण्यात ढवळून घट्ट होण्याआधी प्यावा आणि वर आणखी पाणी घ्यावे, कारण पेल्यात फुगणारा हा भुसा पाणी अपुरे पडले तर अन्ननलिकेतच फुगून अडकू शकतो.