अनुलोम-विलोम आणि कपालभाती: बायपासनंतरचा घोळ

बायपास होऊन बाबा बेळगावात वडगावच्या घरी आले, त्याला तीन आठवडे झाले असतील. पॉवरलूमवर बरोबर काम केलेले त्यांचे एक दोस्त भेटायला आले. चहा संपायच्या आत म्हणाले, "भ्यायलास कशाला? सकाळी उठून प्राणायाम कर की!" दुसऱ्या दिवशी बाबांनी केलाही. कपालभाती. दहा-बारा झटके मारले आणि छाती धरून बसले.

डॉक्टरांनी प्राणायामाला हरकत घेतली नव्हती, पण त्यांच्या मनात होता अनुलोम-विलोम. टीव्हीपुढे बसून दोन्ही एकदमच शिकलेल्या माणसाला दोन्ही सारखेच. खरं तर हठयोगात कपालभाती प्राणायामात धरतच नाहीत. धौती, बस्ती, नेती यांच्या पंगतीतल्या सहा शुद्धिक्रियांपैकी ती एक.

बायपास करताना बहुधा छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि नंतर स्टीलच्या तारांनी बांधतात. ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरतं घट्ट व्हायला तीनेक महिने. कपालभातीत पोट आत मारून श्वास बाहेर फेकायचा, आत येतो तो आपोआप. दर झटक्याला पोटातला आणि छातीतला दाब वाढतो. म्हणजे मिनिटाला पन्नास-साठ वेळा बारीक खोकल्यासारखंच. आणि साधं खोकतानाही उशी छातीशी घट्ट धरा, असं याच माणसाला बजावलेलं!

अनुलोम-विलोममध्ये झटका नाही. एका नाकपुडीने सावकाश घ्यायचा, दुसरीने तितक्याच सावकाश सोडायचा. फक्त कुंभक नको, कारण श्वास कोंडला की पुन्हा दाब आलाच. बसायचं खुर्चीत. मांडी घालून खाली बसलं की उठताना हात टेकावे लागतात, आणि तो सगळा जोर कापलेल्या हाडावर जातो. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, बाबांच्या कळवळण्यावरून कळलं.

हॉस्पिटलातून मिळालेलं तीन गोळ्यांचं यंत्र हा आणखी वेगळा प्रकार. त्यात श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या असतात. बाबा पहिले दोन दिवस त्यात फुंकत होते.

चालण्याची जागा मात्र यातलं काहीच घेत नाही. बेळगावच्या पावसात सुरुवातीला सोप्यातच फेऱ्या झाल्या, दिवसातून चार वेळा, पाच-पाच मिनिटं. पुढे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानातल्या सपाट वाटेवर, बोलता बोलता दम लागणार नाही इतपत. येळ्ळूरच्या गडाचं नाव त्यांनी दोनदा काढलं, आम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तीन महिन्यांच्या तपासणीला त्यांनी कपालभातीचं पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी आधी बीपीची वही मागितली. वरचा आकडा १५० च्या खाली येत नव्हता. "एवढ्यात नाही," म्हणाले, आणि गोळी बदलून दिली.